दोन मेंढ्यांचं वजन

लहानपणी आई भाकऱ्या थापायला बसली की मी तिच्या मागे बसून तिच्या पायातला चांदीचा तोडा बोटाने फिरवायचे. तो गरगर फिरायचा, तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती पाय झाडायची. या वर्षी गणपतीत घरी गेले तेव्हा सवयीने बोट घातलं. तोडा फिरला नाही. बोटच आत जाईना.

"आई, पाय पुढे कर."

"भाकरी करपंल."

"करपू दे."

तिने पाय पुढे केला. घोटा दिसतच नव्हता. तोड्याच्या वर आणि खाली मांस फुगून आलं होतं आणि मधे तोडा रुतून बसला होता. मी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला. दुसऱ्या पायावर दाबलं, तिथेही तसंच.

"पिठाच्या गोळ्यात बोट घातल्यागत झालंय की," आई म्हणाली आणि हसली. "कर दुसरी भाकरी माझ्या पायाची."

मी हसले नाही. मी प्राणिशास्त्र शिकले आहे आणि सांगलीत एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. कातडीखाली पाणी साठलं की असा खळगा पडतो, आणि पाणी उगाच साठत नाही, एवढं मला नक्की माहीत होतं.

आमचं घर आटपाडीच्या पूर्वेला, माळावर. मेंढरं आहेत आणि आता थोडी डाळिंबंही आहेत. घरात आई हरणाबाई, वडील नानासो, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आणि माझा थोरला भाऊ इंद्रजित. त्या संध्याकाळी आईच्या पायावर तिघांची तीन मतं निघाली.

"तोडं लय घट झाल्यात," इंद्रजित म्हणाला. "रगात अडतंय. सोनाराकडं जाऊन कापून टाकायचं."

"कापून तुझ्या बायकोला करायचं आसंल," आई म्हणाली. "आदी बायकू तर आण."

तिच्या तोड्यांना पेच नाही. लग्नात सोनाराने पायात घालून दाबून बसवलेले. आमच्याकडे असे तोडे बाई हिंडती-फिरती असेपर्यंत कापत नाहीत. कापले म्हणजे तिचं हिंडणं संपलं, असाच सगळे अर्थ घेतात.

आप्पांनी आईची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्याने खालची पापणी ओढून आतला रंग बघितला. मेंढराच्या जबड्याखाली पाणी उतरलं की ते हेच करतात. पापणी आतून पांढरी दिसली तर पोटात जंत आहेत आणि रक्त कमी झालंय.

"लाल हाय," ते म्हणाले. "रक्त हाय हिला."

"मी मेंढरू हाय व्हय?"

"मेंढरू आसतीस तर ऐकलं तरी आस्तंस."

आईचं मत सगळ्यात सोपं होतं. पावसाळाभर एका जागी बसून पाय जड झालेत, चाललं की उतरतील. आणि चालायचं तर होतंच. दिवाळी झाली की आमची मेंढरं पश्चिमेला निघतात. दहिवडी, फलटण, लोणंद करत खंडाळ्याच्या बाजूला जातात. पीक निघालेल्या रानात तिकडचे शेतकरी मेंढरं बसवून घेतात, रानाला लेंडीचं खत मिळतं म्हणून, आणि धान्य देतात. माळ हिरवा व्हायच्या आधी परत यायचं. लग्न झाल्यापासून आमच्या दोघांच्या बाळंतपणाची वर्षं सोडली तर आई दर साली गेली आहे. कोकरं तिच्या हाताखाली जन्मतात. तिच्याशिवाय कळप निघाल्याचं मी बघितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि माझी झोप उडाली. पाय रात्रीतून थोडे उतरले होते, पण डोळे बारीक झाले होते. पापण्या फुगल्या होत्या, जणू रात्रभर रडली असावी.

"तुझं तोंड रोज सकाळी असं असतं?"

"कसं?"

आमच्या घरात आरसा आहे तो इंद्रजितच्या दाढीसाठी, खांबावर उंच. आईने त्यात महिनोन्‌महिने बघितलं नसणार. दिवसभर उभं राहून पायात पाणी उतरणं वेगळं. पण ते रात्री आडवं झाल्यावर तोंडावर चढत असेल तर पाणी सगळ्या शरीरात आहे, फक्त जिथे उतार मिळतो तिथे दिसतं आहे. तोडे घट्ट झाले म्हणून पापण्या सुजत नाहीत.

"आई, माझ्याबरोबर सांगलीला चल."

"कशाला?"

"तपासायला. तिथे काही निघालं नाही तर तुझ्या चालण्याला मी आडवी येणार नाही."

"आणि निगालं तर?"

"तर त्याचं कारण शोधू आणि ते काढून टाकू. मग चाल."

तिने माझ्याकडे बारीक झालेल्या डोळ्यांनी बघितलं. "चालायचंच हाय मला. ही बोली पक्की का?"

"पक्की."

सांगलीच्या डॉक्टर शरयू मी ओळखते, त्यांचे नमुने आमच्या लॅबमध्ये येतात. त्या घाई करत नाहीत. आईला त्यांनी आडवं झोपवलं आणि दम लागतो का विचारलं. मानेची शीर बघितली, पोटावर बोटं वाजवून पाणी आहे का बघितलं, नडगीवर माझ्यासारखाच अंगठा दाबला.

"अशी सूज येते तेव्हा आम्ही काही ठरावीक ठिकाणी शोधतो," त्या म्हणाल्या. "हृदय कमी पडलं तर पाणी मागे साचतं. यकृत बिघडलं किंवा रक्तातली प्रथिनं कमी झाली तर पाणी शिरांमधून बाहेर झिरपतं. मूत्रपिंडं थकली तर मीठ आणि पाणी बाहेरच जात नाही. एकाच पायाला असती तर मी तिथली शीर बघितली असती. यांचे दोन्ही पाय सुजलेत आणि सकाळी चेहराही. कुठल्या गोळ्या चालू आहेत? दुखण्याच्या वगैरे, मेडिकलमधून आणलेल्या?"

"मेडिकलची पायरी चडले न्हाई कवा," आई म्हणाली.

"वैदूची पूड, काढा?"

"न्हाई."

आई खोटं बोलत नाही. डॉक्टरांना ते दिसलं, मला तर ठाऊकच होतं.

तिच्या रक्ताची नळी मीच मशीनला लावली. मूत्रपिंडाचा आकडा आला तो बघून मी पुन्हा लावली. पुन्हा तोच आला. हृदयाची तपासणी चांगली निघाली, यकृत चांगलं निघालं. रक्तदाब चढलेला होता आणि लघवीत थोडी प्रथिनं होती.

"मूत्रपिंडं थकली आहेत," डॉक्टर शरयू म्हणाल्या. "कशामुळे ते आज मला सांगता येत नाही. पाणी उतरवायची गोळी देते, रक्तदाबाची देते, मीठ कमी करा. दिवाळीच्या आधी परत तपासू. आकडा चढत राहिला तर मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून बघावा लागेल. आणि तसाच वाढत गेला तर पुढे डायलिसिस. मेंढरांमागे चालत जायचं सध्या मनात आणू नका."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बाई चांगली हाय. हाताला थंड हाय. पण मी चालणार."

काही दिवस ती माझ्या खोलीवर राहिली. दुसऱ्या मजल्यावर खोली, खाली रिक्षांचा आवाज, गॅसवरच्या भाकरीला चव नाही म्हणून तिची कुरकुर. पण पाय उतरायला लागले. रोज सकाळी मी अंगठा दाबायचे आणि खळगा उथळ होत गेला. पापण्या मोकळ्या झाल्या. मग एका सकाळी तोड्यात बोट गेलं. दोघींनी गोळीला दुवा दिला.

फक्त जिना तिला चढवेना. "गुडघं मोडून पडल्यात," ती कठडा धरून म्हणायची. "ही तुमच्या शहराची घरं. मानसानं ऱ्हावं का कबुतरानं?" जिन्यामुळेच होत असणार, असं मलाही वाटलं. गुडघे दुखतात म्हणूनच मी तिला लवकर घरी सोडलं. बरोबर गोळ्या दिल्या. कुठली कधी घ्यायची ते इंद्रजितला पाठ करून घ्यायला लावलं.

नवरात्राच्या आधी इंद्रजितचा फोन आला.

"सोने, पाय परत सुजल्यात."

"गोळी चुकवली का?"

"एक न्हाई. मी सवता देतोय. मीठ बी न्हाई. आळणी कालवण खाऊन आप्पा रोज बोलणी खात्यात."

"बोलणी आप्पा का खातात?"

"आईला द्यायला कुणीतरी पायजे की."

मी डॉक्टर शरयूंना विचारलं. त्यांनी आधीचे आकडे पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "तीच गोळी, तेच पथ्य. इथे सूज उतरली आणि तिथे चढली. म्हणजे तिथे असं काहीतरी आहे जे इथे नव्हतं. ते काय ते मला इथे बसून दिसणार नाही."

मला ते पटलं. दोन ठिकाणी एकाच गोष्टीचा निकाल वेगळा येत असेल तर दोन ठिकाणांत काय वेगळं आहे ते बघायचं, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवतात. मी रजा टाकली आणि गाडी पकडली.

आधी पाणी. बोअरचं पाणी बाटलीत भरून ओळखीच्या प्रयोगशाळेत पाठवलं. जड निघालं, क्षार होते, पण तेच पाणी घरातले सगळे पीत होते आणि सुजली होती एकटी आई. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता. मग मिश्री. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड आई सकाळी दाताला लावते, आप्पा आणि इंद्रजित लावत नाहीत. सांगलीत तिने माझ्या लाजेने ती लावली नव्हती. मला वाटलं, सापडलं.

"मिश्री बंद," मी सांगितलं.

"मंग तोंडात काय, तुझं कॉलेज धरू?"

तिने बंद मात्र केली. आठवडाभर ती चुलीवर, कोंबड्यांवर, माझ्यावर डाफरत राहिली आणि पाय तसेच. म्हणजे दोष मिश्रीचाही नव्हता. तोडा पुन्हा रुतला होता आणि आता त्याच्या कडेची कातडी चकाकायला लागली होती. इंद्रजितने एकदाच, हळू आवाजात, सोनाराचं नाव काढलं. या वेळी आईने त्याला टोमणा मारला नाही. ती नुसती उठून बाहेर गेली. तेव्हा मला भीती वाटली.

मला घरात बसवेना म्हणून मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मेंढरांमागे गेले. आता फक्त बघायचं ठरवलं होतं. ती काय खाते, कुठे बसते, कुठलं पाणी पिते.

माळावर ओढ्याची एक घळ आहे. मेंढरं उतरली, आई त्यांच्यामागे उतरली आणि पलीकडचा चढ चढूनही गेली. काठी टेकवत, जड पावलांनी, पण न थांबता. मी मागे धापा टाकत होते. वर पोचून तिने वळून हाक मारली, "आगं ये की! कबुतरात राहून पाय गेलं व्हय तुझं?"

मी घळीच्या मध्यावर उभी राहिले. सांगलीत तिला जिना चढता येत नव्हता.

सांगलीत पाय उतरले होते आणि गुडघे दुखत होते. इथे गुडघे चालत होते आणि पाय सुजले होते. मी इतके दिवस एकच गोष्ट मोजत होते. दोन गोष्टी बरोबरीने बदलत होत्या.

"आई," मी वर जाऊन विचारलं, "तुझे गुडघे बरे कसे झाले?"

"आप्पांचं आवशीद हाय की."

"कुठलं औषध?"

"मेंढराचं." तिने ते असं सांगितलं जसं कोणी विहिरीचं पाणी म्हणून सांगेल. "आषाढात गुडघा लय धरला हुता. तवापासनं देत्यात."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस."

"त्यांनी मानसाच्या गोळ्या विचारल्या."

इंद्रजित जवळच मेंढरं राखत होता आणि आप्पा बोरीखाली बसले होते. त्यांच्या खांद्याला कायम एक पिशवी असते. तिच्यात जंताचं औषध, जखमेची पूड, लोकर कातरायची कात्री, सुया. मी मागितली तेव्हा त्यांनी लगेच दिली. लपवायचं असं त्यात त्यांच्या मते काही नव्हतं. आत पाकिटात गोळ्या होत्या, माझ्या बोटाएवढ्या लांब. वर बैलाचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, ताप, दुखणे व सुजेवर. त्याखाली बारीक अक्षरात, फक्त जनावरांसाठी. मी आतल्या औषधाचं नाव वाचलं, किती मिलिग्रॅम ते वाचलं आणि माणसाला देतात त्या मात्रेशी ताडून बघितलं. एक गोळी त्या मात्रेच्या कितीतरी पट होती.

"किती देता हिला?"

"अंदाजानं न्हाई देत मी," आप्पा म्हणाले. औषधाच्या बाबतीत त्यांना कोणी निष्काळजी म्हटलेलं चालत नाही. "बैलाला आख्खी. मेंढीला पाव. तुझी आई दोन मेंढ्यांच्या वजनाची हाय, म्हनून आर्धी."

"दोन मेंढ्या?" आई म्हणाली. "आवं, दीड तरी म्हना."

"रोज अर्धी?"

"आदी रोज आर्धी. मंग पायाला सूज आली. पाकिटावर सूज लिवलंय, इंद्रजितनं वाचून दाखिवलं. मी म्हटलं, गोळी कमी पडतीया. तवापासनं सकाळ-सांज आर्धी आर्धी." ते माझ्याकडे बघत होते. "का गं?"

आवाज चढवावा असं मला क्षणभर वाटलं. पण त्यांनी वजन बघितलं होतं, गोळी सुरीने नीट मापून तोडली होती, गुण आला का तेही बघितलं होतं. गुडघ्याला तर गुण आलाच होता. त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय ते माझं ऐकणार नाहीत हेही मला माहीत होतं.

कळपात एक मेंढी लंगडत होती. पुढच्या गुडघ्यात बाभळीचा काटा मोडला होता आणि सांधा लिंबाएवढा सुजला होता. मी तिला धरलं.

"आप्पा, इथे हात ठेवा."

"ठिवला."

"कसं लागतंय?"

"ऊन. तापलंय. टच्च हाय." मेंढीने पाय ओढून घेतला. "हात लावू दीना."

"आता आईच्या पायावर ठेवा."

माळावर, इंद्रजितच्या देखत, आईच्या पायाला हात लावायला आप्पा जरा बिचकले. आईने काठी बाजूला ठेवून पाय पुढे केला. "लावा की. मी काय लाथ मारती का?"

त्यांनी नडगीवर तळवा ठेवला.

"गार हाय," ते थोड्या वेळाने म्हणाले.

"दाबा."

त्यांनी दाबलं. खळगा पडला. त्यांनी मेंढीच्या गुडघ्यावर दाबून बघितलं. तिथे पडला नाही. मग पुन्हा आईच्या पायावर दाबलं, थोडं वर. दुसरा खळगा पडला. दोन्ही खळगे तसेच राहिले आणि आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले.

"मेंढीच्या सांध्यात दुखापत आहे," मी म्हटलं. "तिथे रक्त धावून आलंय, म्हणून ऊन आहे. गोळी ती कमी करते. आईच्या पायात दुखापत नाही, तिथे पाणी तुंबलंय. कारण मूत्रपिंडं ते बाहेर टाकत नाहीत. आणि ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्तच कमी करते. पाणी उतरवायची गोळी सांगलीत लागू पडली, इथे नाही, त्याचं कारण हेच."

"म्हंजी सूज त्या गोळीची."

"हो."

"आणि मी सूज बगून गोळी वाडवली."

त्यांनी हात धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"मंग मेंढराला कसं काय चालतंय?" त्यांचा आवाज अजून भांडत होता, पण कमी.

"मेंढरू चार दिवस खातं आणि बरं होतं. आई आषाढापासून खातेय. आणि सगळ्यांना चालत नाही, आप्पा. याच जातीच्या एका औषधाने गिधाडं संपली. औषध दिलेलं जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि त्यांची मूत्रपिंडं जायची."

आप्पांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं. "त्यानं गेली व्हय? ह्या माळावर शंभर शंभर उतरायची. आमी म्हणायचो, उपाशी मेली."

आईने तेवढ्यात पाकीट उचललं होतं. ते ती हातात उलटं-सुलटं करत होती.

"म्हंजी गुडघं न्हाईतर ही आतली मूत्रपिंडं, ह्यातलं एक निवड म्हणतीस."

"गुडघ्यासाठी दुसरं काहीतरी बघू. डॉक्टर सांगतील. पण एवढा आराम नाही पडायचा, आई. दुखेल."

"दुखू दे. दुखण्यानं मानूस मरत न्हाई, उठताना फकस्त आरडतंय." तिने पाकीट इंद्रजितच्या हातात दिलं. "हे तुझ्याकडं ठिव. मेंढराला लागलं की तू द्यायचं. आप्पांच्या पिशवीत न्हाई आणि मला दिसंल आसं बी न्हाई. पहाटं गुडघा धरला की मी मागणार. शिव्या दीन. तरी द्यायचं न्हाई."

"लय शिव्या देशील?"

"तुझ्या आजीच्या तोडीच्या."

तिने खरंच शिव्या दिल्या. पहिले काही दिवस वाईट गेले. सकाळी उठताना ती भिंतीला धरून उभी राहायची आणि दात आवळायची. मी डॉक्टर शरयूंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी आधी रक्तदाब विचारला, मग लघवी किती होते ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "मी 'जनावरांच्या गोळ्या' असं कधी कोणाला विचारलं नव्हतं. आता विचारीन." त्यांनी दुखण्यावर एक साधी गोळी सांगितली, तीही फार झालं तरच. बाकी शेक आणि मांडीचे स्नायू घट्ट करायचे व्यायाम. पाय सरळ करून गुडघ्याखाली चादरीची घडी ठेवायची आणि ती दाबायची. आई ते अंगणात करायची आणि आप्पा समोर बसून मोजायचे. मेंढरं मोजतात तसे, जोडीने.

दसऱ्यानंतर एका सकाळी तिची पापणी मोकळी दिसली. मग घोट्याचं हाड वर आलं. तोड्यात बोट जायला लागलं त्या दिवशी तिने मला सांगितलं नाही, इंद्रजितने फोन करून सांगितलं.

दिवाळीच्या आधी ती पुन्हा सांगलीला आली. नळी मीच लावली. आकडा खाली आला होता. पूर्ण खाली नव्हता. पुन्हा लावली. तोच.

"सुधारलंय," डॉक्टर शरयू म्हणाल्या. "आणखी सुधारेल, पण थोडं नुकसान कदाचित राहील. आता तुकडा काढायची गरज मला वाटत नाही."

"मी चालू का?" आईने विचारलं. तिला तेवढंच विचारायचं होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. बोली माझी होती, पण उत्तर त्यांचं होतं.

"महिन्याला एकदा वाटेत जिथे असाल तिथे रक्त तपासायचं. फलटणला, लोणंदला, कुठेही. आकडा मला कळवायचा. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. मेंढरांच्या पिशवीतलं काहीही तोंडात घालायचं नाही. आणि गुडघा नको म्हणाला की बसायचं. तुमच्याकडे घोडं असतं ना?"

"घोड्यावर भांडी आसत्यात," आई तुटकपणे म्हणाली. आमच्यात चालू शकणारी बाई घोड्यावर बसत नाही. भांडी, कोकरं आणि म्हातारी माणसं बसतात.

"मग भांडी दुसऱ्या कशावर तरी न्या," डॉक्टर म्हणाल्या. "एवढं ऐकणार असाल तर चाला."

कळप निघाला त्या सकाळी मी घरी होते. मेंढरं रस्त्यावर आली, धूळ उठली, मागे तांबड्या घोडीवर पातेली आणि एक कोकरू. आई चालत होती. डांबरी रस्त्यापर्यंत तिने कोणाला हात लावू दिला नाही. मी बरोबर चालत होते. तिचं उजवं पाऊल जड पडायला लागल्याचं मला दिसलं, आप्पांनाही दिसलं. कॅनॉलच्या पुलापाशी ती स्वतःच थांबली.

"इंद्रजित, ती पातेली उतर."

"कुठं ठिवू?"

"तुज्या डोक्यावर. तुझं डोकं रिकामंच हाय."

इंद्रजितने गाठोडं सोडलं आणि खांद्यावर घेतलं. आईने कोकरू कडेवर घेतलं, पुलाच्या कठड्यावर पाय ठेवला आणि घोडीवर चढली. चढताना तिच्या तोंडून एक कण्हणं निघालं, पण ती बसली. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायांनी वळून बघितलं. तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"गुडघा ठिवायचाय मला खंडाळ्यापतूर," ती त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तितं मेंढ्या व्यायच्यात."

तिचा पाय घोडीच्या कुशीला लोंबत होता आणि तोडा घोट्यावरून खाली, टाचेच्या हाडावर येऊन बसला होता. आप्पा शेजारून चालत होते. त्यांनी हात वर करून तोड्यात बोट घातलं आणि तो एकदा पूर्ण फिरवला.

"काय करताय?"

"बगतोय."

"मी मेंढरू हाय व्हय?"

"मेंढरू आसतीस," आप्पा म्हणाले, "तर मगाशीच बसली आसतीस."

आईने पाय झाडला. घोडी पुढे निघाली.